त्रेसष्ट वेळा ‘त्वरा करा’

जी दाबलं. ‘ग्राफिक, सोलापुरातील नंबर एक शाळा, प्रवेश सुरू, त्वरा करा.’ पुन्हा जी दाबलं. ‘ग्राफिक, सोलापुरातील नंबर एक शाळा, प्रवेश सुरू, त्वरा करा.’ पुन्हा दाबलं, तेच. पुन्हा, तेच. मला दिसत नाही. कॉम्प्युटरवर काय आहे ते स्क्रीन रीडर मला बोलून दाखवतो, आणि जी दाबलं की तो पुढच्या चित्रावर जातो. या शाळेच्या साइटच्या मुखपानावर त्रेसष्ट चित्रं, आणि त्रेसष्ट वेळा ही जाहिरात माझ्या कानात ओतली गेली. आज आमच्याकडं पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ आला होता, सासूबाई एकट्या घागरी भरत होत्या आणि मी हेडफोन लावून बसले होते, कारण साइट बनवणाऱ्या वेंडरचा रात्री निरोप आला होता, ‘मॅडम, तुमच्या रिपोर्टमधले सगळे मुद्दे क्लोज केले. एकदा चेक करून घ्या.’

केलं चेक.

ही साइट आमच्यासारख्यांना वापरता येते का, ते तपासून मी शाळेच्या संस्थेला रिपोर्ट दिला होता. त्यातला पहिलाच मुद्दा होता, चित्रांना ऑल्ट टेक्स्ट नाही, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे, स्क्रीन रीडर वाचतो ते शब्द नाहीत. नुसता मुद्दा टाकून मी मोकळी झाले नव्हते. कसं लिहायचं तेही मराठीत लिहून दिलं होतं. फीच्या तक्त्याचं चित्र टाकू नका, तक्ता मजकुरात द्या. बसच्या वेळापत्रकाचंही तसंच, थांबे आणि वेळा लिहा. संमेलनाचा फोटो असेल तर त्यात कोण काय करतंय ते एका ओळीत सांगा. नुसती शोभेची नक्षी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, म्हणजे आमचा स्क्रीन रीडर गप पुढं जातो. यात न कळण्यासारखं काय होतं? या माणसानं एक वाक्य घेतलं आणि त्रेसष्ट ठिकाणी चिकटवलं. ऑल्टमध्ये शाळेची जाहिरात कोंबली की गूगलवर साइट वर येते, असं त्याला कुणीतरी शिकवलंय. आमच्यासाठी ठेवलेल्या जागेत त्यानं त्याचा बोर्ड लावला.

फोनच्या चिन्हावर त्वरा करा. बाणावर त्वरा करा. फीच्या तक्त्यावर त्वरा करा, आणि फी किती ते कुठंच नाही. बसच्या वेळापत्रकावर त्वरा करा, आणि होटगी रोडला बस किती वाजता येते ते नाही. भाच्याला शेजारी बसवून विचारलं, हे सतरावं चित्र कसलं आहे रे? तो म्हणाला, ‘मावशी, संस्थापकांचा फोटो आहे. हार घातलाय. खाली जन्म आणि मृत्यूची सालं आहेत.’ त्याच्यावरही प्रवेश सुरू, त्वरा करा. ज्या माणसानं पत्र्याच्या दोन खोल्यांत ही शाळा काढली, त्याची ओळख माझ्यासारख्या बाईला करून द्यायची तर एवढेच शब्द सापडले यांना? चित्राकडं एकदा बघून चार शब्द लिहायला किती वेळ लागतो?

मी तिथल्या तिथं वेंडरला फोन लावला. पोरगा शांतपणे म्हणाला, ‘काय प्रॉब्लेम आहे मॅडम? आमच्याकडं तर सगळं व्यवस्थित दिसूलालंय की.’

दिसूलालंय! अरे बाबा, तुला दिसतंय हे मला मान्य आहे. मला दिसत नाही म्हणून तर हे काम निघालं! मी म्हटलं, स्क्रीन बंद कर, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो टाक आणि फी किती आहे ते मला सांग. तर म्हणतो, ‘मॅडम, टूलवर शंभरपैकी शंभर मार्क येऊलालेत. थांबा, स्क्रीनशॉट पाठवतो.’

स्क्रीनशॉट. मला. आणि खरंच पाठवला. माझ्या फोनवर आला, तिथल्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरनं सांगितलं, ‘फोटो’. बस.

ते शंभर मार्क कसले असतात ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. साइट आपोआप तपासणारं ते टूल फक्त ऑल्टची जागा भरली आहे का एवढंच बघतं. आत फी लिहिली आहे की शिवी लिहिली आहे, ते त्याला कळत नाही. ते माणसानंच ऐकावं लागतं. त्यासाठीच तर आम्हाला बोलावतात, आणि आम्ही ऐकून सांगितलं की टूलचे मार्क पुढं करतात. काही अवघड मागणी आहे का ही? १९९९ साली वेबसाठीची पहिली जागतिक नियमावली आली, तेव्हा तिचा पहिला नियम हाच होता, चित्राला शब्द द्या. २००८ ला तिची पुढची आवृत्ती, डब्ल्यूसीएजी २.०, आली, त्यात १.१.१ वर हाच. २०१८ ला सुधारली, २०२३ ला पुन्हा सुधारली, तरी पहिला हाच. आणि सगळ्यात खालच्या, ए पातळीचा. म्हणजे एवढं तरी कराच, असा.

माझ्या शाळेतली एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी ब्रेल एका बाकावर शिकलो. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, पोरगी यंदा पहिलीत जाणार. पोरीला चांगलं दिसतं. आईला दिसत नाही. तिनं याच साइटवर फी बघायचा प्रयत्न केला आणि मला फोन केला, ‘अगं, ही शाळा नुसती घाई करती, पैसे किती ते सांगतच नाही.’ शेवटी शेजारणीला मोबाइल दिला आणि वाचून दाखव म्हणाली. शेजारणीनं फी वाचली आणि लगेच विचारलं, ‘एवढं परवडतंय का गं तुम्हाला?’ संध्याकाळपर्यंत चाळीत सगळ्यांना माहीत, की हिची पोरगी कुठल्या शाळेत जाणार आणि ह्यांच्या घरात किती पैसा आहे.

हे मला त्या संस्थेच्या ऑफिसात ओरडून सांगायचं होतं. दुसऱ्याकडून वाचून घेणं म्हणजे आपलं घर दुसऱ्यापुढं उघडं करणं. तुम्ही फी वाचता तेव्हा तोंडाचा भाव बदलला तरी बघायला कुणी नसतं. नाही परवडलं तर पान बंद करता, कुणाला कळत नाही. आम्हाला तेवढाच आडोसा हवा आहे.

पण संस्थेत ऐकतंय कोण? महिन्यापूर्वीची मीटिंग आठवली की अजून माझं डोकं तापतं. माझ्याबरोबर कीबोर्डची तपासणी करणारा सहकारी व्हीलचेअर वापरतो. माउस न धरता टॅबच्या बटणावर सगळा फॉर्म भरता येतो का, ते तो बघतो, आणि आमच्यात सगळ्यात कडक तोच. मीटिंग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वेळा आधी कळवलं होतं. शिपाईकाका बिचारे म्हणाले, मी उचलून नेतो की. त्यानं नको म्हटलं, आणि खाली चपलांच्या रॅकजवळ बसून फोनवरून पूर्ण मीटिंग केली. वर माझ्यापुढं चहा आला तेव्हा सचिवांनी मला सोडायला आलेल्या माझ्या भावाला विचारलं, ‘यांना साखर चालते का?’ मला ऐकू येतं हो सर! मी बोलते सुद्धा! एकेचाळीस पानांचा रिपोर्ट मी लिहिलाय, साखरेचं मी सांगू शकते!

त्याच सचिवांचं म्हणणं, हे सगळं सरकारी साइटला लागू, आपली खासगी संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ मी त्यांना तिथंच वाचून दाखवलं. सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सगळं सुगम करायचं. नियम जून २०१७ ला निघाले, मुदत जून २०१९ ला संपली. आणि ते नियम नुसत्या शिफारशीसारखे आहेत, हे चालणार नाही, सक्तीचे करा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. जगण्याच्या! यावर सर काय म्हणाले? ‘ताई, दंड किती असतो?’ पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढं पन्नास हजार ते पाच लाख, मी सांगितलं. पहिला आकडा ऐकून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. निवांत झाले.

एक शाळा असती तर समजून घेतलं असतं. या उन्हाळ्यात मी ज्या ज्या साइट ऐकल्या, त्यांची वेगवेगळी दुखणी आहेत. एका ठिकाणी सूचनांची पीडीएफ कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. ‘शाळा’ या शब्दाचं माझ्या कानात ‘के के जी के’ होतं. तीन पानं मी के के जी के ऐकलं. मराठी अक्षर आतही मराठीच ठेवणारं युनिकोड येऊन किती वर्षं झाली! सरकार सांगून थकलं, तरी ऑफिसातले क्लार्क जुना फॉन्ट सोडत नाहीत, आणि त्यांना कुणी सोडायलाही लावत नाही. दुसऱ्या एका मराठी शाळेच्या पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली. मग माझ्या स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज लागतो, तो देवनागरी सरळ गिळतो आणि उरतात ते आकडे. प्रवेशाची संपूर्ण सूचना मला अशी ऐकू आली: २५, ६, १००, ३. काय २५? तारीख, की टक्के? एका शब्दाची दुरुस्ती आहे ती, इंग्रजीच्या जागी मराठीची खूण. तीन वेळा कळवलं, अजून तसंच आहे.

पिवळी अक्षरं पांढऱ्यावर टाकणारे तर वेगळेच. मला रंग दिसत नाहीत, पण कोडमधले रंगांचे क्रमांक मला वाचता येतात आणि गणित करता येतं. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं गुणोत्तर हवं ४.५ ला १, यांचं १.०७ ला १. ज्याची नजर धड आहे त्यालाही ते दिसत नसणार. मोतीबिंदू झालेल्या आजोबांनी नातवाची सूचना कशी वाचायची? वर ती सूचना सरकत असते. आमच्यातल्या कमी दिसणाऱ्यांनी तिच्यामागं मान फिरवत बसायचं.

आणि ते निळं बटण! कोपऱ्यात माणसाच्या चिन्हाचं. ‘मॅडम, आम्ही ॲक्सेसिबिलिटीचं बटण बसवलंय.’ ते बटण अक्षर मोठं करतं, रंग उलटे करतं, जे माझ्या फोनमध्ये आधीच आहे. फीचा तक्ता चित्रात असेल तर बटण तरी काय वाचणार? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये असलं बटण विकणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले, कारण बटण बसवलं की साइट नियमात बसते, असं ती सांगत होती. तिकडं खोटं ठरलेलं इकडं वर्षाच्या वर्गणीवर खपवतात. त्याच पैशात एखाद्या शिक्षिकेला दोन दिवस बसवून सगळे तक्ते मजकुरात लिहून झाले असते.

३ डिसेंबरला मात्र प्रत्येक साइटवर दिव्यांग दिनाच्या शुभेच्छा. चित्रात. ४ जानेवारीला लुई ब्रेलची जयंती, तीही चित्रात. ज्याच्यामुळं मी वाचायला शिकले त्याच्या नावाची शुभेच्छा मला वाचता येत नाही. आमच्यासाठी नाहीच ती. आमच्याबद्दल आपल्याला किती वाटतं, ते एकमेकांना दाखवायला आहे.

पाणी गेलं तेव्हा मी अजून तिथंच होते. मग ठरवलं, त्रेसष्टच्या त्रेसष्ट ऑल्ट मीच लिहून देते. माझं काम तपासायचं आहे, लिहायचं नाही, पण मैत्रिणीच्या पोरीची प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबणार नाही. भाचा सांगत गेला, मी टाइप करत गेले. एकोणतीस, प्रयोगशाळा. तीस, झेंडावंदन. एक्केचाळीसवर तो म्हणाला, ‘मावशी, ही एक मुलगी आहे. काखेत कुबड्या आहेत. बक्षीस घेतीय, ढाल आहे हातात. शाळेचाच गणवेश आहे.’

मी दोनदा विचारलं. शाळेचाच गणवेश? हो, शाळेचाच. मागं बॅनरवर शाळेचं नाव.

त्या मीटिंगमध्ये सचिव मला म्हणाले होते, ‘ताई, आमच्या शाळेत तसलं मूल एकही नाही, मग हा खर्च कुणासाठी?’ मी निघताना ते पुन्हा म्हणाले होते. एकही नाही. ती मुलगी तुमच्या मुखपानावर ढाल घेऊन उभी आहे, सर. कधीपासून उभी आहे, आणि तुमच्या डोळस माणसांपैकी एकालाही ती दिसली नाही? आधी तिच्या फोटोला शब्दच नव्हते, आता आहेत ते ‘प्रवेश सुरू, त्वरा करा’.

मी लिहिलं, ‘बक्षीस समारंभात ढाल स्वीकारणारी कुबड्या घेतलेली विद्यार्थिनी’, आणि पूर्ण यादी पाठवून दिली. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘मॅडम, ऑल्टचं काम क्लोज झालंय, आता बदल करायचे तर वेगळा चार्ज पडेल.’ चार्ज कोण भरणार ते विचारायला सोमवारी अकराला मी संस्थेत जाणार आहे, आणि मीटिंग तळमजल्यावर घ्या, आम्ही दोघं येतोय, हे आत्ताच लेखी कळवलंय.