'तीन आठवड्यांत इंजिन जाम, दुकानदाराने हात झटकले' या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या पुण्यातील दुकानाला एक तारा दिला आहे आणि सोबत चार तक्रारी लिहिल्या आहेत: तेरा वर्षांच्या मुलाची ही पहिलीच रिमोटची गाडी असूनही आम्ही नायट्रो इंजिनाची, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारी गाडी विकली, आपण ३० टक्के नायट्रोचे इंधन मागितले असता १६ टक्क्यांचे 'हलके' इंधन माथी मारले, संपल्यावर साताऱ्याला कुरियरने दुसरी बाटली पाठवायला नकार दिला, आणि तिसऱ्या आठवड्यात इंजिन जाम झाले तेव्हा 'वॉरंटीत बसत नाही' एवढे बोलून विषय संपवला. आपण गाडी आणि उरलेल्या इंधनाची बाटली दुकानात ठेवून गेलात, ती दोन्ही मी स्वतः तपासली आहेत. त्याआधी उत्तर दिले असते तर ते केवळ वेळ मारून नेणे झाले असते, म्हणून चार दिवस थांबलो. या चारांपैकी एका तक्रारीत आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे, एका तक्रारीत बरेचसे खरे आहे, आणि दोन बाबतींत मला आपल्याशी असहमत व्हावे लागत आहे.

इंजिनापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे झाले आहे. कूलिंग हेड काढल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उभे ओरखडे दिसले, नख फिरवले तर अडकेल इतके खोल. ग्लो प्लगमधली, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या प्लगमधली, प्लॅटिनमची बारीक तार नव्या प्लगमध्ये चकचकीत असते; आपल्या प्लगमधली करडी, खरखरीत झालेली आणि एका बाजूला वाकलेली होती. हाय-स्पीड नीडल, म्हणजे इंजिनाला किती इंधन जायचे ते ठरवणारा स्क्रू, आत बसेपर्यंत फेरे मोजत बंद केली, तेव्हा विक्रीच्या दिवशी आम्ही पावतीच्या मागे लिहून दिलेल्या मांडणीपेक्षा ती सव्वा फेरा जास्त घट्ट आढळली. या तिन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात: इंजिन बराच वेळ इंधन कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर, अतिशय तापून चालले.

नायट्रो इंजिनात तेलासाठी वेगळी टाकी नसते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल एकाच बाटलीत मिसळलेले असते, आणि पिस्टनला जे काही वंगण मिळते ते इंधनासोबतच मिळते. त्यामुळे नीडल घट्ट करणारा माणूस फक्त इंधन कमी करत नाही, तर त्याच हाताने तेलही कमी करतो. घट्ट केल्यावर सुरुवातीला आवाज तीव्र होतो, गाडी जोरात पळते आणि आपण बरोबर दिशेने चाललो आहोत असे वाटते. पण त्याच वेळी आत पिस्टन आणि तो ज्या नळकांड्यात फिरतो ती स्लीव्ह कोरडे पडत असतात.

आता आपण नीडल का घट्ट केलीत, या प्रश्नाकडे येतो. आपण अभिप्रायात लिहिले आहे की गाडी आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसते फिरत असताना, बंद पडत होती, मध्येच गचके देत होती, म्हणून आपण दुकानात फोन केलात आणि फोनवर आमच्या माणसाने 'नीडल थोडी घट्ट करून बघा' असे सांगितले. मी त्याला विचारले. त्याने असे सांगितले होते, हे त्याने मान्य केले. तो सल्ला चुकीचा होता आणि ती चूक आमची आहे. त्याने आधी तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या: बाटली कुठे ठेवली आहे, झाकण घट्ट आहे का, आणि एक्झॉस्टमधून धुराची रेघ दिसते का. त्याने एकही विचारली नाही.

झाकणाचा प्रश्न का महत्त्वाचा, ते आपल्या बाटलीने दाखवले. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. आपण गाडी जूनच्या अखेरीस नेलीत, आणि बाटली परत आली तेव्हा तिचे झाकण एका आट्यावर टेकलेले होते. पावसाळ्याचे तीन आठवडे ती तशीच उघड्या व्हरांड्यात होती, असे आपणच सांगितलेत. पाणी शिरलेले इंधन डोळ्यांना ओळखता येत नाही. म्हणून मी आमच्या बाकावरच्या, रनिंग-इन (नवे इंजिन सुरुवातीला हळूहळू चालवून रुळवणे) पूर्ण झालेल्या, आपल्या गाडीतल्याच मापाच्या पॉइंट अठरा (०.१८ घनइंच), म्हणजे सुमारे ३ सीसीच्या इंजिनात आपले इंधन घातले आणि नीडलला हात न लावता ते चालवले. ते आयडलिंगला टिकेना, थ्रॉटल दिला की अडखळे, आणि दर मिनिटाला त्याचा स्वभाव बदले. टाकी रिकामी करून, नळ्या धुऊन, त्याच नीडलवर सीलबंद बाटलीतले इंधन घातले तेव्हा ते शांतपणे फिरू लागले. आपली गाडी ज्या कारणाने गचके देत होती ते कारण नीडलमध्ये नव्हतेच. बाटली घट्ट बंद करून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी, ही सूचना बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेली आहे, परंतु विक्रीच्या वेळी ती आपल्याला मराठीत, समोर उभे राहून कोणी सांगितली नव्हती. ते सांगणे आमचे काम होते.

पिस्टन आणि स्लीव्ह ही झिजणारी अंगे असल्याने उत्पादकाच्या वॉरंटीत येत नाहीत, हे आपल्याला मिळालेले उत्तर कागदोपत्री बरोबर होते. पण आमच्याच सल्ल्यावर चालून आपले इंजिन गेले असताना तेवढेच बोलून थांबणे बरोबर नव्हते. नवा पिस्टन-स्लीव्हचा संच, कनेक्टिंग रॉड आणि ग्लो प्लग आम्ही आमच्या खर्चाने बसवत आहोत. मजुरीही नाही.

१६ टक्के इंधनाबाबत मात्र मी आमच्या माणसाच्या बाजूने उभा आहे. टक्का जितका मोठा तितके इंधन चांगले, ही समजूत इतकी पसरली आहे की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो मिथेनॉल पूर्ण जळायला सुमारे ६.४ किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो पुरते. म्हणून त्याच सिलिंडरमध्ये, तेवढ्याच हवेत, जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. ताकदीबरोबर उष्णताही वाढते, ज्वलन लवकर सुरू होते, आणि मग हेडखाली जादा शिम (पातळ चकती) घालून कॉम्प्रेशन कमी करणे, थंड जातीचा प्लग वापरणे, नीडल आणखी सैल ठेवणे हे सगळे ओघाने आलेच. ज्याने आयुष्यात अजून एकदाही नीडल फिरवलेली नाही, त्याच्या हातात हे देणे मला पटत नाही. युरोपीय संघात २०२१ पासून १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकता येत नाही. तिथले हौशी लोक याच टक्क्यावर गाड्या पळवतात, आणि त्या मजेत पळतात.

पहिल्या इंधनाची निवड करताना टक्क्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: इंजिनासोबतच्या पुस्तिकेत उत्पादकाने काय लिहिले आहे, आणि त्या इंधनात तेल किती आहे. स्पर्धेसाठीच्या इंधनात तेल मुद्दाम कमी ठेवतात, कारण तिथे इंजिन जाणकाराच्या हातात असते. नवशिक्याला तेल जास्त असलेले इंधन हवे. थोडा धूर जास्त होतो, गाडी चिकट होते, पण नीडलची एखादी चूक पोटात घालते. तेल जास्त हवे म्हणून रिमोटच्या विमानाचे इंधनही आणू नये, ते वेगळ्या कामासाठी बनवलेले असते. आणि गावाकडे इंधन मिळत नाही म्हणून काही जण पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळून टाकीत घालतात, तेही कृपया करू नये. ग्लो प्लगची तार एकदा बॅटरीने तापवली की पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेने तापलेली राहते. पेट्रोलवर ती तशी राहत नाही. पेट्रोलच्या मोठ्या गाड्यांना ठिणगीचा स्पार्क प्लग असतो, ते यंत्रच निराळे.

आता आपली पहिली तक्रार, जी मला सर्वांत जास्त लागली. 'पहिलीच गाडी आहे हे सांगूनही नायट्रो विकली' हे आपले म्हणणे खरे आहे. ही गाडी कोण चालवणार, कुठे चालवणार, शेजारी मोठे माणूस उभे राहणार का, हे विचारल्याशिवाय नायट्रो गाडी काउंटरवरून हलू नये, असा नियम मीच दुकानात घातला आहे. त्या रविवारी गर्दी होती आणि तो पाळला गेला नाही. मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो, त्वचेतूनही ते शरीरात शिरते, आणि भर उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. मुलगा एकटाच मैदानावर जाणार असेल तर त्याला विजेवरची गाडी द्यावी, असे मी कोणत्याही पालकाला सांगेन, मग त्यात माझी विक्री कमी झाली तरी चालेल. मात्र आपण लिहिले आहे की आपण दोघे मिळून गाडी चालवता. तसे असेल तर पहिली गाडी म्हणून नायट्रो मुळीच वाईट नाही. मुलाला इंजिन म्हणजे काय हे हाताने कळते, आणि वडिलांचे तिथे असणे गरजेचे ठरते.

कुरियरचे सांगतो. मिथेनॉल असलेले हे इंधन ज्वालाग्राही द्रव आहे, त्यामुळे ते साधे पार्सल म्हणून पाठवता येत नाही. त्यावर दुसरेच काहीतरी लिहून पाठवणे म्हणजे वाहतूक करणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात घालणे. शिवाय महाराष्ट्रात मिथेनॉलच्या विक्रीवर विष-नियमांचे बंधन आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती आठवण असताना या नियमाला मी कटकट म्हणणार नाही. इंधन दुकानातूनच न्यावे लागेल, हा आमचा निर्णय बदलणार नाही. गाडीची टाकी ७५ सीसीची आहे, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण १३ टाक्या आणि जवळपास दोन तासांची पळापळ होते. त्या हिशेबाने पुण्याला येणे जमवावे.

नव्या पिस्टनचे रनिंग-इन आम्ही करून देणार नाही, आपल्याकडून करून घेणार आहोत. ही इंजिने ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि वर निमुळती होत जाणारी पितळी स्लीव्ह अशी असतात. थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला आवळतो, आणि तापल्यावरच त्याला योग्य जागा मिळते. म्हणून पहिल्या पाच-सहा टाक्या नीडल सैल ठेवून, भरपूर धूर काढत, पण इंजिन पुरेसे गरम राहील अशा बेताने चालवाव्या लागतात, आणि प्रत्येक टाकीनंतर फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणूनच इंजिन थंड होऊ द्यावे लागते. नीडल एका वेळी फेऱ्याचा आठवा भागच फिरवायची, आणि फिरवल्यावर एक चक्कर मारून पाहायचे. हेडवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो तत्काळ चर्र करून उडाला तर इंजिन फार तापले आहे. तीन-चार सेकंदांत आटला तर ठीक. हे वाचून येत नाही, शेजारी उभे राहून एकदा पाहावे लागते. गाडी विकली त्या दिवशी ते दाखवायला हवे होते.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, उन्हाचा किंवा पावसाचा त्रास सुरू होण्याआधी, मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत थांबेन. पाऊस असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठोकळ्यावर ठेवून पहिल्या दोन टाक्या होतील आणि उरलेल्या पुढच्या खेपेस. आपण आणि चिरंजीव दोघेही यावे. येताना ट्रान्समीटर, रिसीव्हरसाठी नवे सेल आणि रात्रभर चार्ज केलेला ग्लो इग्नायटर (प्लगची तार तापवणारी बॅटरी) आणावा. इंधन आणू नये. सीलबंद बाटली इथे ठेवली आहे, आणि तिचे सील चिरंजीवांनी फोडायचे आहे.