लाइटबार नको, ब्रीदर बघा!

मुंबईत फोर बाय फोर गाडी गॅरेजला नेली की बॉनेट उघडायच्या आधीच मेकॅनिक सुरू होतात. "साहेब, लाइटबार टाकू? पुढे बुलबार? टायर मोठे करू?" अहो, मी डिफरेन्शियलचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरांचं, तेल बदलायला आलोय!

बुलबारला, म्हणजे बंपरपुढच्या त्या लोखंडी दांड्यांना, केंद्राने 2017 सालीच मनाई केली. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचं काही खरं नसतं. टायर मोठे केले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ब्रेकवर ताण येतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. हे सगळं मीच समजावायचं, वर बिलही मीच भरायचं.

आणि जे खरंच लागतं त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. ओढ्यात गाडी घातली की तापलेला अ‍ॅक्सल एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि पाण्याखाली गेलेल्या ब्रीदरमधून, म्हणजे अ‍ॅक्सलच्या हवा घ्यायच्या-सोडायच्या तोंडातून, पाणी आत ओढलं जातं. मग आतल्या तेलाचं ताक. उपाय काय, तर ब्रीदरची नळी बॉनेटखाली उंचावर न्यायची. बस्स. पण "त्याने काय होतंय साहेब!" हो, त्यात कमाई नाही ना.

गंजाचं तर विचारूच नका. इथली खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात कोकणातून आलं की चॅसिसच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाळू. गाडी खालून धुवायला सांगावं, तर पोरगा बॉनेटला पॉलिश मारून मोकळा! वर विचारतो, "सर, स्नॉर्केल बसवू? इंजिनाला वरून हवा घ्यायचा पाइप!"

आधी ग्रीस मार रे बाबा, प्रोपेलर शाफ्ट बोंबलतोय!