शेवटचं काळीज

गेली तीस वर्षं मी एक गोष्ट सांगत आलोय. लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला घाटावर ताटकळताना, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर लेट गाडीची वाट पाहताना, जिथे म्हणून माझ्या वयाचा माणूस सापडला तिथे सांगितली. गोष्ट अशी: १९९५ च्या उन्हाळ्यात मी ‘काँट्रा’ या व्हिडिओ गेमच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या स्टेजला पोहोचलो होतो. समोर ते राक्षसाचं भलंमोठं काळीज धडधडत होतं. माझा एकच जीव उरला होता, पण हातात ‘एस’ बंदूक होती, ती पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या गोळ्यांची. अजून चार-पाच गोळ्या लागल्या असत्या की काम तमाम. आणि लाईट गेली.

ऐकणारा इथे हमखास ‘च्च’ करतो. कारण त्याचीही कुठल्या ना कुठल्या स्टेजला लाईट गेलेली असते. ‘भारनियमन’ हा भारदस्त शब्द पुढे आला. आम्ही तेव्हा नुसतं ‘गेली’ म्हणायचो, आणि गल्लीभर कोण गेली ते कळायचं.

यंदा मे महिन्यात पुण्याहून भाचा आला. मेमध्ये जळगावला येणारा माणूस एक तर भाचा असतो, नाहीतर त्याची बदली झालेली असते. बाहेर पंचेचाळीस अंश, घरात कूलरची घरघर आणि माझ्या तोंडी ही गोष्ट. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “मामा, पण मग सेव्ह का नाही केलं?”

आता याला काय सांगायचं? आमच्या कॅसेटीत काही साठवायची सोयच नव्हती. वीज गेली की मशीन सगळं विसरायचं आणि परत पहिल्या जंगलापासून सुरुवात. खान्देशात शेव ही फक्त तर्रीत टाकायची वस्तू आहे.

“मग आता कर ना पूर्ण,” तो म्हणाला. “अजून मिळतात ते बॉक्स.”

इथे मी ‘डोळे दुखतात’ असं काहीतरी म्हणून सटकायला हवं होतं. पण पलीकडे आई भरताची वांगी भाजत होती, बायको ऐकत होती, आणि तीस वर्षांची इभ्रत पणाला लागली होती. मी रुमाल डोक्याला बांधून फुले मार्केटला गेलो आणि सातशे रुपयांना तो डबा घेऊन आलो.

मूळ मशीन निन्टेंडोचं. जपानात ते १९८३ साली निघालं. आमच्यापर्यंत पोहोचली ती त्याची नक्कल, आणि आताचा हा डबा त्या नकलेची नक्कल. खोक्यावर मात्र तेच जुनं वचन: ९९९९ गेम. लहानपणी मी हा आकडा खरा मानून पाचशेव्या गेमपर्यंत चिकाटीने गेलो होतो. खरे गेम पंधरा-वीसच असतात, बाकीचे नाव बदलून उभे, निवडणुकीतल्या डमी उमेदवारांसारखे.

घरी आल्यावर कळलं की नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरीची भोकंच नाहीत. असतील तर मागे असतील, आणि टीव्ही तर सुताराने भिंतीतल्या कपाटात अनारकलीसारखा चिणलेला. अर्धा तास हात घालून चाचपडलो. एक पाल हाताला लागली, भोक लागलं नाही. परत मार्केट. ‘कन्व्हर्टर’ नावाची काडेपेटी साडेतीनशेला. म्हणजे गेमच्या निम्म्या किमतीत गेम दिसण्याचा परवाना.

शेवटी चित्र आलं. सुरुवात सोप्यापासून करू म्हणून बदकांचा गेम लावला. डब्यासोबतची खेळण्यातली बंदूक रोखली, घोडा दाबला. बदक निवांत उडून गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी सोफ्यावरून उठून टीव्हीला नळी टेकवून गोळ्या घातल्या, तरी एक पीस हललं नाही. गवतातून तो कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा ठेवून हसला.

“कुत्रा तुले हसी ऱ्हायना,” आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आई अमळनेरकडची, तिची अहिराणी संकटात जास्त शुद्ध होते.

भाच्याने मोबाईलवर शोधलं. त्या बंदुकीतून काही सुटतच नाही म्हणे, उलट तीच बघत असते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक मेलं. हा खेळ जुन्या, पाठीला कुबड असलेल्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेला. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि तेवढ्यात बंदुकीने डोळे मिटलेले असतात. थोडक्यात, नेम माझा चांगला होता. मी हे तीनदा मोठ्याने बोलून दाखवलं.

तेवढ्यात मेकॅना आला. हे त्याचं खरं नाव नाही. लहानपणी गणपतीत मंडळाने भाड्याचा व्हीसीआर आणून ‘मेकॅनाज गोल्ड’ लावला, तेव्हापासून तो स्वतःला त्या सोन्याचा वारसदार समजतो. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफचा हा १९६९ चा सिनेमा त्याने अकरा वेळा पाहिलाय. भाषा एकदाही कळली नाही, त्यामुळे कथा अकरा प्रकारची आहे.

“काय भो, गेम आणला अन् सांगितलं बी नाही?” म्हणत तो कूलरसमोरची जागा बळकावून बसला, आणि नेहमीप्रमाणे त्या प्रसंगावर आला. सूर्य उगवतो, दगडाच्या सुळक्याची सावली सरकत सरकत लांब होते आणि सोन्याच्या दरीकडे बोट दाखवते. मेकॅना हे सांगताना स्वतःचा हात जमिनीवर सरकवत नेतो.

भाचा म्हणाला, “पण काका, सूर्य वर येताना सावली लांब कशी होईल? आखूड होते ना?”

खोलीत शांतता पसरली. खान्देशातल्या माणसाला सावलीबद्दल शिकवणं म्हणजे माशाला पाण्याबद्दल शिकवणं. सकाळी दहानंतर आम्ही रस्ता बघून चालत नाही, सावली बघून चालतो. अकरा वाजता दुकानांच्या फळीला चिकटून, बारा वाजता दिव्याच्या खांबाआड आडवं होऊन. सावली आखूड होत जाण्याचं दुःख आमच्याइतकं कुणाला माहीत? तरी त्या मंडपात बसलेल्या गल्लीतल्या एकाही माणसाला, त्यात दोन भूगोलाचे मास्तर होते, हा प्रश्न पडला नाही. सोनं दिसायला लागलं की भूगोल कोण बघतो?

मेकॅना चवताळला. त्याने दुसरं अस्त्र काढलं: “तो इंडियाना जोन्सचा पिच्चर, ज्यात अमरीश पुरी काळीज काढतो, तो आपल्या अजिंठ्याला शूट झालाय. माझ्या मावसकाकाने क्रेन पाहिली.”

मावसकाकाची क्रेन आमच्या मैत्रीचा पाया आहे, मी तिला कधी हात लावला नव्हता. भाच्याने दोन मिनिटांत ती पाडली. १९८४ चा सिनेमा, कथा हिंदुस्थानातली, पण पटकथेवर इथल्या सरकारने हरकती घेतल्या, म्हणून भारतातलं बरंचसं बाहेरचं चित्रण श्रीलंकेत.

“पण अजिंठ्याला भारी झालं असतं,” मेकॅना हळूच म्हणाला. त्यात तथ्य होतं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, त्याला पलीकडच्या कड्यावर लेणं दिसलं, तो आत शिरला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. म्हणजे साहसही आपल्या हद्दीला लागूनच झालं, आणि ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरायचा मानही आपल्या लोकांना मिळाला नाही.

पुढचा तासभर असाच गेला. मी म्हणायचो, मेकॅना म्हणायचा आणि मोबाईल म्हणायचा ‘नाही’. जोन्सच्या पहिल्या, १९८१ च्या सिनेमात बाजारात काळे कपडे घातलेला तलवारबाज तलवारीचे हात करून दाखवतो आणि नायक कंटाळल्यासारखा पिस्तूल काढून त्याला गोळी घालतो. यावर आमच्या गल्लीत दोन पंथ होते. एक म्हणायचा हिरोला उशीर होत होता, दुसरा म्हणायचा चाबूक तुटला होता. खरी गोष्ट अशी निघाली की तिथे चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक मारामारी ठरली होती, पण ट्युनिशियात शूटिंगच्या वेळी हॅरिसन फोर्डचं पोट साफ बिघडलं होतं. फार वेळ उभं राहणं धोक्याचं, म्हणून एका गोळीत आटोपलं.

“जुलाब व्हतात का त्याले?” आईने आतून विचारलं. “मंग ताक देवाले पाहिजे व्हतं.”

एकाच शोधावर मात्र आम्ही दोघं खरोखर गप्प बसलो. कॉम्प्युटर क्लासला बाहेर चपला काढून, एसीत कुडकुडत आम्ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचो. तो राजपुत्र माणसासारखा धावायचा, कठड्याला लटकला की त्याचा भार आपल्या खांद्यात जाणवायचा. आमच्या मते हे सरांच्या भारी मशीनमुळे. प्रत्यक्षात १९८९ चा तो गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनर या पोराने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवलं. आणि तलवारबाजी? ती १९३८ च्या रॉबिन हुडच्या सिनेमातून, एरॉल फ्लिनच्या शेवटच्या झुंजीवरून उतरवलेली. म्हणजे जुना पिच्चर आणि जुना गेम यांची सोयरीक आम्ही कट्ट्यावर बसून जुळवायच्या आधीच झालेली होती, आणि आम्हाला आमंत्रणही नव्हतं.

“बस झालं वाचन,” मी म्हणालो. “काँट्रा लाव.”

तीन जिवांवर खेळायची आमची लायकी राहिली नव्हती, म्हणून मंत्र मारला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. मोबाईल नंबर आठवत नाही मला बायकोचा, पण हे बोटांना पाठ होतं. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरचा. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ नावाचा विमानाचा गेम त्याला स्वतःलाच तपासायला जड जात होता, म्हणून त्याने आपल्यापुरती चोरवाट ठेवली आणि ती काढायची राहून गेली. जगात एवढी उपयोगी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या विसरभोळेपणातून निघाली नसेल. दोघांना खेळायचं तर शेवटी आधी सिलेक्ट, मग स्टार्ट. दोघांना तीस-तीस जीव.

पहिलं जंगल. मी बारा जीव घालवले.

“हाऊ बिगर कपडास्ना मानूस कोन शे?” आई आता खुर्ची घेऊन बसली होती. “याले गंजीफ्राक बी नही का?” आणि थोड्या वेळाने, “कितला डाव मरस रे भाऊ!”

दुसरी स्टेज पाठमोरी, ती बरी गेली. तिसरी धबधब्याची, आणि धबधबा म्हणजे मैत्रीची परीक्षा. वर वर उड्या मारत जायचं, आणि एक जण पुढे गेला की चित्र वर सरकतं आणि खाली राहिलेला फुकट मरतो. मेकॅना पुढे, मी खाली. मेलो. मी पुढे, मेकॅना खाली. तो मेला. पन्नाशीकडे झुकलेले दोन गृहस्थ “थांब ना भो!” “तू चढ ना भो!” असं इतक्या जोरात ओरडत होते की समोरचे काका भांडण सोडवायला आले आणि बघत बसले. त्या पाण्यात मेकॅनाचे सगळे जीव वाहून गेले. चौथी स्टेज मी एकट्याने, सहा जीव शिल्लक ठेवून काढली.

आणि पाचवी लागली. समोर सगळं पांढरं. झाडांवर बर्फ, जमिनीवर बर्फ.

मी थबकलो. हा बर्फ कुठला? मी आठवत राहिलो. जंगल आठवत होतं, धबधबा आठवत होता, काळीज तर लख्ख. बर्फ मात्र कुठेच नव्हता. पाचवीत बर्फ लागतो हे आठवीला पोहोचलेल्या माणसाला माहीत नको?

हळूहळू उजाडलं. मी इथवर कधी आलोच नव्हतो. ते काळीज मला मेकॅनाने सांगितलं होतं, पाच रुपये तासाच्या पार्लरच्या ओट्यावर बसून, गणपतीतल्या पिच्चरसारखं हात सरकवत. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

“भो,” तो अगदी हळू म्हणाला, “हा बर्फ कधी आला मधात?”

“तू तर सात वेळा संपवला होता ना?”

“मले तर शेजारच्या पम्याने सांगितलं होतं.”

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

काय सांगू तो आनंद! कूलर थांबला आणि माझा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं जिने माझी अब्रू राखली ती धावून आली होती. मी रिमोट खाली ठेवला, ‘च्च’ केलं आणि “बघ, नेमकं असंच झालं होतं” म्हणायला तोंड उघडलं, तर पडद्यावर माझा उघडाबंब शिपाई तसाच उभा. एक गोळी आली, तो मेला. पाच जीव.

“मामा, इन्व्हर्टरवर आहे टीव्ही,” भाचा म्हणाला. “खेळ ना.”

मीच बसवलाय तो इन्व्हर्टर, दिवाळीत, हप्त्यावर. कूलर त्यावर चालत नाही, अब्रू काढायचं काम मात्र बिनबोभाट चालतं. पंचेचाळीस अंशात, घामाच्या धारांत, आई, बायको आणि समोरचे काका यांच्या साक्षीने मी ते पाच जीव त्या बर्फात दीड मिनिटात संपवले.

पुढे भाचा खेळला. दोन दिवस बसला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने काळीज फोडलं. हेलिकॉप्टर उडालं, बेटाच्या चिंधड्या झाल्या. मेकॅनाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आमच्या टायमाला यापेक्षा मोठं होतं काळीज.”

संध्याकाळी पुण्याहून बहिणीचा फोन आला. “काय दादा, झाला का तुझा तो गेम पुरा? किती वर्षं ऐकतेय.”

भाचा शेजारीच बसून खरबूज खात होता. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो.

“अगं, झालाच होता,” मी म्हणालो. “पाच जीव हातात होते. लाईट गेली.”