अहवाल नितळ यावा म्हणून

मालक, तुमचं धातूंवर मुलामा चढवायचं, म्हणजे प्लेटिंगचं शेड कोल्हापूरजवळच्या शिरोलीत असो की गोकुळ शिरगावात, 'आवारातल्या बोअरचं पाणी धातूंसाठी तपासून द्या' असं पत्र कधी ना कधी येणारच. झोप उडवून घेऊ नका. जमिनीत मुरलेलं क्रोमियम बाहेर काढायला वर्षं जातात. अहवालातून ते एका दुपारीत निघतं. त्यासाठी लॅबवाल्याला भेटायचीही गरज नाही. मशीन बिचारं प्रामाणिक असतं, बाटलीत जे येईल तेच सांगतं. तेव्हा लक्ष बाटलीवर ठेवा.

आधी जागा. भूजलही उताराकडेच सरकतं, म्हणून जाणकार वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला निदान दोन बोअर मागतात. वरचा फक्त तुलनेसाठी. तुम्ही तेवढा तुलनेचाच द्या, गेटजवळचा, वॉचमनच्या केबिनला लागून असलेला. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या मागं, जिथं गाळाची पोती पावसात भिजतात, तिथं बोअर मारा असं कुणी म्हणालंच, तर पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला नाही म्हणून सांगा. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्टही तुमच्याच बाजूचा आहे. त्यात पाणी सलग पसरत नाही, भेगाभेगांतून वाट काढतं. एक बोअर चांगला आणि हाकेच्या अंतरावरचा नासलेला, असं खरोखर होतं. तुम्हाला एकच दाखवायचाय.

पाणी काढायचीही एक रीत आहे. केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, उभ्या पाण्याच्या साधारण तिप्पट पाणी आधी उपसून टाकायचं, पीएच आणि विद्युतवाहकतेचे आकडे स्थिरावले की मग नमुना. एवढी वीज कोण जाळणार? गच्चीवरच्या टाकीच्या नळाला बाटली लावा. त्याच टाकीत एमआयडीसीच्या लाइनचं पाणीही पडत असेल, तर सोन्याहून पिवळं.

आता खरी कला. विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात आणि पीएच २ च्या खाली जाईपर्यंत त्यात नायट्रिक ॲसिड घालतात. ते घातलं नाही, तर धातू बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटतात. लोह गंज होऊन तळाशी बसतं आणि बसताना शिशालाही सोबत घेऊन बसतं. वर राहतं ते नितळ पाणी. म्हणून ॲसिडची बाटली ऑफिसातच विसरून या. फॉर्मवर मात्र 'ॲसिड घातले' यावर टिक करा, अक्षर चांगलं असू द्या.

षट्संयुजी क्रोमियमचं, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचं, सगळं उलटं. प्लेटिंगवाल्याला नडतं ते हेच. त्याच्या बाटलीत नायट्रिक घालायचंच नसतं, कारण ॲसिडमध्ये त्याचं त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूप होत जातं. ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत लॅबला पोचवायची असते. तेव्हा शिसं मोजायच्या नमुन्याच्या बाटलीला विसरलेलं ॲसिड इथं आठवणीनं घाला. नमुना शनिवारी दुपारी घ्या, बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवा, सोमवारी द्या. उशीर का झाला असं विचारलं तर तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिक होतं म्हणावं. कोल्हापुरात यावर कुणी उलटतपासणी करत नाही.

पद्धत निवडतानाही काटकसर करावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आयसीपी-एमएस या अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या पद्धतीला याच्याही खालचं दिसतं, म्हणून तिचं नाव काढू नका. ज्या पद्धतीला ०.०५ च्या खालचं काही दिसतच नाही, ती स्वस्तातली मागा. ट्रकच्या वजनकाट्यावर हुपरीचं पैंजण ठेवलं तर काटा हलणार कसा? मग अहवालात छापून येतं 'बीडीएल', म्हणजे पद्धतीला दिसेल त्याहून कमी. मर्यादेच्या जवळजवळ पाचपट शिसंही या तीन अक्षरांमागं आरामात मावतं.

इतकं करूनही एखादा आकडा आलाच, तर कारणं तयार ठेवा. जस्ताला जीआय पाइप आहे. क्रोमियम-निकेल सह्याद्रीवर ढकला. बेसॉल्टमध्ये ते थोडंफार मुळातच असतं आणि सह्याद्री नोटिशीला उत्तर देत नाही. फक्त गेटजवळचा तो बोअर स्वच्छ निघाला असेल, तर हा खुलासा आणि तो अहवाल एकाच फाइलला लावू नका. खडक दोन्हीकडं एकच आहे, हे एखाद्या नवख्या साहेबाच्या ध्यानात यायचं.

राहता राहिला पलीकडचा ऊसवाला. त्याची विहीर नेमकी तुमच्या उताराला. पाणी पिवळसर दिसतंय म्हणून तो एक दिवस येईल. त्याला एसीत बसवा, अहवालाची झेरॉक्स हातात द्या, आणि तहान लागली म्हणाला तर जारमधलंच पाणी द्या.