उभ्या गाडीचे तेलपाणी

"ती नुसती उभीच असते ती गाडी कोणाची?" असा पुकारा गेल्या शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या भरलेल्या प्रतीक्षाकक्षात झाला आणि मला हात वर करावा लागला. माझी गाडी वर्षाकाठी जेमतेम हजार किलोमीटर चालते हे खरे आहे. परंतु लक्ष्मी रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा रिक्षावाल्यांचे नकार ऐकणे परवडते, असे मानणारा पुण्यात मी एकटाच नसावा. पुस्तिकेत मात्र इंजिन ऑइलची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी छापलेली आहे, आणि माझ्याकडे दरवेळी वर्षच आधी होते.

सल्लागार मुलाने तेलाचे झाकण उघडून दाखवले. त्याच्या आतल्या बाजूला, ताकावर लोणी यावे तसा पिवळट थर धरला होता. गाडी वाण्यापर्यंत जाऊन परत येते, तेवढ्यात तेल पुरते तापत नाही, त्यामुळे आतली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता तेलातच मुरते, असे त्याने समजावले. मग ब्रेक ऑइलच्या डबीत त्याने पेनासारखे एक यंत्र बुडवले आणि त्यावर लाल दिवा लागला.

"पाणी धरलंय, सर. दोन वर्षांनी बदलावंच लागतं."

"बंद डबीत पाणी शिरलं कुठून?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. आमच्यामागून थर्मास घेऊन आलेल्या एका काकांनी तो विचारला होता. त्यांची स्वतःची गाडी पलीकडे धुतली जात होती, पण त्यांना माझ्या गाडीत अधिक गोडी वाटत असावी.

"काका, हे ऑइल हवेतला दमट ओलावा ओढतं. रबरी नळ्यांतूनसुद्धा. नवं डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरला की १५५ अंशांवरही उकळू शकतं. घाट उतरताना वाफ झाली तर पेडल थेट खाली जातं, ब्रेक लागतच नाही."

"घाट?" काकांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिले. "हे कुठले घाट उतरतायत! चांदणी चौकाचा उतार तरी पाहिलाय का या गाडीनं?"

माझ्या बाजूने कोणी बोलत आहे असे वाटून मी सुखावलो, तेवढ्यात काकांनी मोहरा वळवला. "अहो, मी माझी गाडी रोज सकाळी पार्किंगमध्येच दहा मिनिटं चालू ठेवतो. इंजिनाला व्यायाम!"

"त्यानं तर जास्तच बिघडतं, काका. उभ्या गाडीत तेल नीट तापतच नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यायला हवी."

काका क्षणभर गप्प झाले. आपण वर्षानुवर्षे रोज सकाळी गाडीला आजारी पाडत आलो, हे पचवायला माणसाला एवढा वेळ लागणारच. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही कोथरूडलाच ना? बुधवारी पहाटे मुलीला लोहगावला विमानतळावर सोडायचंय. तुमचीच गाडी नेऊ. मस्त तापेल!"

"बेस्ट आहे, सर," सल्लागार म्हणाला.

बिल हातात आल्यावर माझी उरलीसुरली विनोदबुद्धी संपली. इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल यांबद्दल माझी तक्रार नाही, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली, म्हणजे कूलंटमधली, गंज रोखणारी रसायने गाडी उभी असली तरी मुदतीनंतर निकामी होतात, हेही मला मान्य आहे. परंतु या रास्त ओळींच्या मधोमध 'इंजिन फ्लशिंग' आणि 'एसी निर्जंतुकीकरण' या ओळी गुपचूप बसवलेल्या होत्या. पुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नाही आणि मला त्याबद्दल कोणी विचारलेही नव्हते. शास्त्राच्या आडून चाललेली ही हातचलाखी आहे. ज्याला ब्रेक ऑइलचे कारण पटते, तो पुढच्या चार ओळीही मुकाट्याने सोसेल, असे हे लोक गृहीत धरतात. मी तावातावाने त्या दोन्ही ओळी खोडायला लावल्या आणि मुलाने चेहरा पाडून नवे बिल काढले.

मी पैसे भरून बाहेर आलो तेव्हा काका माझ्या गाडीची डिकी उघडून आत वाकले होते आणि दोन मोठ्या बॅगा बसाव्यात म्हणून माझी स्टेपनी कुठे हलवता येईल, हे त्या सल्लागाराला विचारत होते.