दिवाणजींची वही आणि पार्टी कोड

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात बाबांच्या आडत दुकानात बसले होते. हळदीचे सौदे नुकतेच उरकलेले, बाकड्यावर पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची, वाट बघणारे शेतकरी आणि कॉम्प्युटरसमोर आमचे दिवाणजी, तात्या. यंदापासून पट्टी नव्या प्रोग्रामवर करायची आहे. तात्यांनी पोती टाकली, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं टाकलं, बटण दाबलं आणि पट्टी कोरी झाली. 'सेव्ह'ला चिकटूनच, त्याच रंगाचं, तेवढंच बारकं 'क्लिअर' आहे. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "पोरी, वय झालं बघ. माझं डोकंच चालंना झालंय."

हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. कुठल्या गावच्या कुणाचा माल मागच्या हंगामात काय दरानं गेला, हे या माणसाला वही न उघडता सांगता येतं!

मी स्क्रीन डिझाइनचंच काम करते. त्या जोरावर सांगते, तात्यांचं काहीही चुकलेलं नाही. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मोजून दाखवलंय की जागा जितकी लहान आणि लांब, तितका तिथं नेमका हात न्यायला वेळ लागतो. घाई केली की नेम चुकतो. आणि दारात शेतकरी खोळंबलेले असताना घाई होणारच. मग पुसून टाकणारं बटण 'सेव्ह'च्या कुशीत कशाला? ते लांब न्या, रंग बदला. "नक्की पुसायचं का?" असं विचारून फारसं भागत नाही, कारण चार दिवसांत माणूस सवयीनं 'हो' दाबायला लागतो. पुसलेलं परत आणायची सोय द्या.

पण मला खरा राग आहे तो 'पार्टी कोड'चा. शेतकऱ्याचं नाव टाकायचं तर आधी त्याचा पाच आकडी कोड हवा. कोडची यादी भिंतीवर चिकटवलेली. तात्या उठतात, आकडा बघतात, तोंडानं पुटपुटत खुर्चीपर्यंत येतात, तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "दिवाणजी, माझी झाली का?" आकडा गेला. परत भिंत. डोक्यात आकडा धरून ठेवणं आणि समोर दिसलेलं नाव ओळखणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखणं कितीतरी सोपं. गावाची दोन अक्षरं टाकली की नावं समोर यायला हवीत, बस्स.

इथं आमच्याच क्षेत्रातला एक गैरसमजही सांगते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा 'सात, दोन कमी-जास्त' हा आकडा घेऊन लोक स्क्रीनवरच्या मेनूत सातच पर्याय ठेवा म्हणतात. तो आकडा तात्पुरत्या स्मरणात किती गोष्टी मावतात याचा आहे, डोळ्यांसमोरच्या यादीचा नाही. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तर तो चारच्या आसपास आणला. म्हणजे मेनूतले पर्याय मोजण्यापेक्षा माणसाला भिंतीपासून खुर्चीपर्यंत आकडा वाहायला लावू नका, हे महत्त्वाचं.

तात्यांची जुनी वही काढून बघितली. पानाला सळ घातलेले, जमा एकीकडे, नावे टाकलेली रक्कम एकीकडे. एका गावची माणसं एकाखाली एक, मग मोकळी जागा, मग पुढचं गाव. जवळ असलेलं एकत्र वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहाइमर यांनी १९२३ मध्ये लिहिलं. वहीत ते आधीपासून होतं. प्रोग्राममध्ये मात्र माहिती भरायचे चौदा चौकोन एका रांगेत, सगळे सारखे.

बटण दाबल्यावर काहीच हलत नाही, हाही त्रास आहेच. सेकंदभरात उत्तर नाही आलं की माणूस घाबरून पुन्हा दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात.

प्रोग्राम देणाऱ्यांना मी फोन केला. "स्टाफला ट्रेनिंग देऊ," म्हणाले. ट्रेनिंग तात्यांना नकोय. तुमच्यापैकी कुणी असे प्रोग्राम लिहीत असेल तर सौद्याच्या दिवशी या, तात्यांच्या शेजारी दोन तास नुसते बसा. चहा आमच्याकडे. मी रविवारी त्यांच्यासोबत कागदावर नवी पट्टी आखायला बसतेय. पहिला चौकोन कशाचा, हे त्यांनी आत्ताच सांगून टाकलंय. गावाचा.