हात लावू नये

कलादालनात मला सगळ्यात जास्त आवडते ती ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी. उभ्या आयुष्यात माझ्याकडून इतकी सहज पुरी करता येण्याजोगी अपेक्षा दुसऱ्या कोणी ठेवलेली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मान तिरकी करायची, चित्रापुढे मिनिटभर उभं राहायचं, ‘हं’ म्हणायचं आणि पुढच्या चित्राकडे सरकायचं. एवढ्या भांडवलावर मी वीस वर्षं रसिक म्हणून वावरलो आणि कोणालाही संशय आला नाही.

मग कोणीतरी कलादालनवाल्यांच्या डोक्यात भरवलं, की लोकांना हात लावू द्या.

‘सहकुटुंब हस्तकला कार्यशाळा’ असा फलक लागला. खाली लिहिलं होतं, ‘पूर्वानुभवाची गरज नाही.’ गरज नसेलही, पण माझ्याकडे पूर्वानुभव होता आणि अडचण तीच होती. शाळेत मी पुठ्ठ्याचा बंगला केला होता. बाईंनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि ‘आगगाडी छान झालीये’ म्हणाल्या. त्या दिवसापासून हस्तकला या विषयात माझ्या बाजूने बोलणी बंद होती.

घरात मतदान झालं. आठ वर्षांच्या लेकीने दोन्ही हात वर केले, बायकोने एक केला आणि आई ‘मला काय, कुठेही न्या’ म्हणाली, जे आमच्या घरात होकारार्थी धरतात.

पहिले तीन रविवार मी भरभर सांगून टाकतो, कारण ते माझ्यावरही तसेच भरभर कोसळले.

पहिला रविवार कागदाच्या घड्यांचा. चौकोनी कागदाचा करकोचा व्हायचा होता. माझा होईना, तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी मी टेबलाला ज्ञान दिलं, ‘कोणताही कागद सातपेक्षा जास्त वेळा अर्ध्यात दुमडता येत नाही.’ शेजारच्या चष्मेवाल्या पोराने मान वर न करता सांगितलं, ‘येतो. २००२ साली ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या शाळेतल्या मुलीने १२ वेळा दुमडलाय. टॉयलेट पेपर घेतला होता, खूप लांबच लांब.’ एवढं बोलून त्याने आपला तिसरा करकोचा टेबलावर ठेवला. माझा तोवर पाकीट या अवस्थेला पोचला होता.

दुसरा रविवार लिनोकटचा. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरायचं, शाई फासायची, कागद दाबायचा. छाप आरशातल्यासारखी उलटी उमटते, म्हणून अक्षरं उलटी कोरा, हे तीनदा सांगण्यात आलं. तीनदा मी मान हलवली. आमचं आडनाव मी अतिशय सुबक आणि सरळ कोरलं. छापल्यावर ते एखाद्या लुप्त संस्कृतीच्या शिलालेखासारखं दिसत होतं. बायको म्हणाली, ‘माहेरचं लावते मी परत.’

तिसऱ्या रविवारी सायनोटाइप होतं आणि त्यात मला आशा होती. लोहक्षारांचं मिश्रण फासलेला कागद घ्यायचा, त्यावर पानं-फुलं मांडायची, उन्हात ठेवायचा आणि पाण्यात धुवायचा. उन्हाने जे उजळलं ते निळं होतं, पानाखालचं पांढरं राहतं. मुख्य मेहनत सूर्याची. ही युक्ती १८४२ साली जॉन हर्शेल यांनी काढली. ते खगोलशास्त्रज्ञ होते, त्यामुळे ताऱ्यालाच कामाला लावावं हे त्यांना सुचणं साहजिक होतं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या अशाच निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. आम्ही कागद मांडले आणि आभाळ भरून आलं.

चौथ्या रविवारी माती आली.

हा कार्यक्रम नुसत्या घरच्यांचा नव्हता, अख्ख्या वस्तीचा होता. प्रत्येक कुटुंबाने मातीची एक फरशी करायची, वीतभर चौकोनी, वर हवं ते उठावात घडवायचं. सगळ्या फरश्या भट्टीत भाजून कलादालनाच्या अंगणातल्या भिंतीवर बसवणार होते. कायमच्या. करकोचा चुरगाळून खिशात घालता येतो. भिंतीचं काय करणार?

कार्यशाळा घेणाऱ्या ताई बारीक चणीच्या आणि भलत्याच शांत होत्या. मातीचा गोळा त्यांनी तारेने कापला, मळला, दोन पट्ट्यांमध्ये ठेवून लाटण्याने एकसारखा लाटला आणि म्हणाल्या, ‘एकच लक्षात ठेवा. मातीला माती नुसती चिकटवायची नाही. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. नाहीतर वाळताना जोड सुटतो.’ याला त्या ‘स्क्रॅच आणि स्लिप’ म्हणत होत्या. मुलांनी लगेच त्याचं गाणं केलं. मोठ्यांनी मान हलवली. मोठ्यांच्या मान हलवण्याबद्दल मी वर सांगितलंच आहे.

पुढच्या पंधरा मिनिटांत काय झालं ते मला लाजत कबूल करावं लागेल. सगळी मुलं रिकाम्या हातांनी उभी होती आणि सगळे आईबाप कोपरापर्यंत मातीत होते. एक आई मुलाला सांगत होती, ‘तुझ्या मनातलं कर, पण या फोटोसारखं कर.’ निवृत्त झालेले एक काका नातवाला घेऊन आले होते. त्यांनी पिशवीतून गवंड्याची पाणपातळी काढली आणि फरशीवर ठेवून बुडबुडा बघत बसले. नातू लाटण्यावर पाय ठेवून तोल सांभाळण्याचा सराव करत होता. माझी लेक फरशीवर एक लांब, नागमोडी वळी चिकटवत होती. मला तो हत्ती वाटला.

‘दे,’ मी म्हणालो, ‘मी फक्त सोंड सरळ करतो.’

‘बाबा, ती सोंड नाहीये. तो रस्ता आहे.’

‘बरं, रस्ता. पण रस्ता सरळ असलेला बरा.’

तेवढ्यात ताईंनी टाळी वाजवली. त्या काही रागावल्या नाहीत. त्यांनी गोष्ट सांगितली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट असतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये व्हिक्टर डॅमिको नावाचे कलाशिक्षक होते. १९४२ मध्ये त्यांनी तिथे मुलांसाठी कलेची जत्रा भरवायला सुरुवात केली. त्या जत्रेत शिरायला मुलांच्या आकाराचं दार असे, एक भाग चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा, दुसरा बारा वर्षांच्या. आईबापांनी बाहेर थांबायचं. मुलांना काय येतं हे बघायचं असेल तर आधी मोठे बाहेर काढावे लागतात, हे त्या गृहस्थांना ८० वर्षांपूर्वी कळलं होतं.

‘आपल्याकडे तसं दार नाही,’ ताई म्हणाल्या, ‘पण टेबलं दोन आहेत. मुलांची फरशी मुलं करतील. मोठ्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं. प्रत्येकाला स्वतःची फरशी मिळेल.’

खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही चौदा सुशिक्षित, कमावते, करदाते नागरिक बसलो आणि दहा मिनिटांत इयत्ता दुसरीचा वर्ग झालो. लाटणी चारच होती. त्यावरून पहिला वाद झाला. एक गृहस्थ कोरणी मांडीखाली लपवून बसले होते. ‘ताई, बघा ना, हे देत नाहीत,’ ही तक्रार करणाऱ्या बाई एका बँकेत वरिष्ठ अधिकारी होत्या. कोणीतरी विचारलं, ‘यात नंबर काढणार आहात का?’ ताई नाही म्हणाल्या, तशी दोघातिघांनी निराश होऊन लाटणी खाली ठेवली. बायकोने माझ्या आणि तिच्या फरशीमध्ये पिशवी उभी केली. का, विचारलं तर म्हणाली, ‘बघून करशील.’

मी हत्ती करायचा ठरवला. मघाचा राहून गेलेला. हत्तीचा फायदा असा, की बाकी काहीही चुकलं तरी सोंडेवरून ओळखू येतो. पोटासाठी चांगला मुठीएवढा गोळा घेतला. ताई मागून आल्या, गोळ्यात बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे पोकळ करावं लागेल. इतकं जाड असलं तर आत ओल राहते. भट्टीत १०० अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि बाहेर यायला वाट नसली की ती स्वतः वाट करते.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे फुटतो. आणि शेजारच्या फरश्याही घेऊन जातो.’

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. काकांनी आपली फरशी दूर सरकवली. हवेचे बुडबुडे राहिले तर भांडं फुटतं असं मी ऐकलं होतं. ताई म्हणाल्या, बिचाऱ्या हवेवर उगाच आळ येतो, बहुतेक वेळा करणी पाण्याची असते. मी हत्तीला उलटा केला आणि चमच्याने त्याचं पोट कोरायला लागलो. हे दृश्य लहान मुलांना दाखवण्यासारखं नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच दोन मुलं पाणी प्यायला तिकडे आली.

आई मात्र टेबलाच्या कडेला गप्प बसली होती. तिने कोणाकडे लाटणं मागितलं नाही. तळहाताने थापून गोळा पसरवला, कडा ओल्या बोटाने फिरवून घेतल्या आणि अंगठ्याचे ठसे ओळीने उठवत गेली. एका ओळीत डावा अंगठा, दुसरीत उजवा. दहा मिनिटांत काम संपलं. हात धुऊन, पदराला पुसून ती सगळ्यांची गंमत बघत बसली. ताई तिच्या फरशीपाशी थांबल्या त्या बराच वेळ हलेनात. मग म्हणाल्या, आताच्या चेक प्रजासत्ताकात डोल्नी व्हेस्टोनित्से नावाची जागा आहे. १९२५ मध्ये तिथे भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती सापडली, वीतभरही नाही, ११ सेंटीमीटरची. वय २५ हजार वर्षांच्या वर. माणसाने माती भाजून केलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक. तिच्या अंगावर बोटाचा ठसा आहे आणि तपासणाऱ्यांच्या मते तो एका मुलाचा आहे.

आईने क्षणभर विचार केला. ‘म्हणजे तेव्हाही कोणीतरी ओरडलं असेल,’ ती म्हणाली, ‘हात लावू नकोस, ओलं आहे म्हणून.’

इतक्या वेळात माझ्या हत्तीला पोट, चार पाय आणि दोन कान आले होते. कान मी पाणी लावून दाबून बसवले. घट्ट बसले. ओरखडे-बिरखडे काढायची गरज मला दिसली नाही. सोंड मात्र दर वेळी खाली घरंगळे. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मागून आवाज आला.

‘बाबा, मी करून देऊ?’

लेक उभी होती. तिची फरशी केव्हाच पूर्ण झाली होती.

‘नको. माझं मला करू दे.’

‘मी फक्त सोंड सरळ करते.’

मी कानकोंडा झालो. तिने माझ्या हातातून सोंड काढून घेतली, दोन्हीकडे कोरणीने आडवेउभे ओरखडे काढले, ब्रशने चिखल लावला, तोंडाने ते गाणं म्हणत दाबलं आणि जोडावरून बोट फिरवलं. सोंड बसली. मग ती हत्तीकडे जरा वेळ बघत राहिली. पोरीच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो तिच्या पाढ्यांची वही तपासताना माझ्या चेहऱ्यावर असतो. ‘छान आहे,’ ती म्हणाली. त्या स्वरात मला शाळेतल्या बाई ऐकू आल्या.

मग सगळं वाळू द्यायचं होतं. माती वाळायला जितके दिवस घेते तितके घेते, तिला घाई केली की ती तडकते. काकांनी दर एक दिवसाआड कलादालनात फोन करून प्रगती विचारली. भट्टीतलं तापमान हळूहळू चढवावं लागतं. ५७३ अंशांना मातीतल्या गारेच्या स्फटिकांची घडी बदलते आणि आकार एकदम फुगतो, तिथे फार जपावं लागतं. साधारण १००० अंशांपर्यंत नेऊन मग तितक्याच सबुरीने निवू द्यायचं. हे सगळं ताईंनी फोनवर काकांना सांगितलं आणि काकांनी प्रत्येकाला गाठून. त्या आठवड्यात मला रात्री दोनदा स्फोटाचं स्वप्न पडलं. दोन्ही वेळा बँकेतल्या बाई माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

स्फोट झाला नाही. वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, सुमारे एक दशांश तरी. त्यामुळे सगळ्याच फरश्या अंग चोरून बसल्यासारख्या दिसत होत्या. काकांची, जिच्यावर बुडबुडा अगदी मधोमध थांबला होता, ती कडेने होडीसारखी वळली होती. बायकोची चांगली झाली होती. काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं: पाठीमागे हात बांधून उभा असलेला एक माणूस. मी विषय काढला नाही.

हत्ती शाबूत होता. सोंडही जागच्या जागी होती, हलवून पाहिली तरी हलली नाही. कान मात्र दोन्ही गळाले होते. ते कागदाच्या पुडीत बांधून वेगळे ठेवलेले होते.

‘मुंगीखाऊ सुंदर झालाय,’ ताईंचे मदतनीस म्हणाले. ‘फार कोणी करत नाही हो तो.’

मी त्यांना धन्यवाद दिले. पुडी खिशात टाकली.

भिंत खुली झाली त्या दिवशी सगळी वस्ती लोटली होती. लेकीच्या फरशीवरचा रस्ता एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडत होता आणि मुलांनी आपापसांत ठरवून सगळ्यांचे रस्ते एकमेकांना जोडले होते. खिडकीजवळच्या टेबलावरून आम्हाला याचा पत्ताच नव्हता. तो रस्ता भिंतभर फिरत मुंगीखाऊच्या पायाशी येऊन संपत होता. मी गर्दीतून पुढे झालो आणि सोंडेच्या जोडावर हळूच बोट टेकवलं.

‘साहेब, पाटी वाचा.’

खरंच, नवी पाटी लागली होती. जुनीच, नव्या भिंतीवर.

‘अहो, पण हा मीच केलाय,’ मी पहारेकऱ्याला म्हणालो.

‘सकाळपासून सगळे हेच सांगतायत,’ तो म्हणाला.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान तिरकी केली. शेजारी लेक उभी होती. तिनेही हात पाठीमागे बांधले होते आणि ती मुंगीखाऊकडे बघत होती.

‘हं,’ ती म्हणाली आणि पुढच्या फरशीकडे सरकली.